कृष्णात चौगुल्यांचा आक्षेप

लेखकाला यातून काय सुचवायचं आहे, हा प्रश्न ज्यानं कुणी पहिल्यांदा विचारला तो माणूस कोल्हापूरचा नसणार, याविषयी कृष्णात चौगुल्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कोल्हापुरात कुणाला काही सुचवायचं असेल तर तो सुचवत बसत नाही. भर चौकात गाडी आडवी लावून, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मोकळा होतो. तेव्हा जो लेखक पानभर लिहूनही आपल्याला काय म्हणायचं आहे ते म्हणत नाही, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं, आणि ओळखता आलं नाही तर मार्क वाचणाऱ्याचे जायचे, त्या लेखकाला आधी कुणीतरी बोलायला शिकवावं, असं चौगुले राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभे राहून, हातात जाडजूड सराव पुस्तक धरून, रोज सकाळी सगळ्या इमारतीला ऐकवत असत.

"तोंड न्हाय व्हय त्येला?" ते विचारायचे. "एवढं लिवलंय, त्यातच दोन वळी वाढवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

इमारत तोवर आपापलं दूध तापवायला लागलेली असे.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी चौगुल्यांवर ही पाळी आणली होती यशराज नावाच्या एका तिशीतल्या माणसानं. चौगुले कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. (पंचतारांकित या शब्दावर कुणी जाऊ नये. कॅन्टीनचा चहा बाकीच्या एमआयडीसींसारखाच आहे.) त्या कारखान्यात यशराज मनुष्यबळ विभागाचा प्रमुख म्हणून आला आणि आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, की यापुढं व्यवस्थापकाची खुर्ची एमबीए झालेल्यालाच मिळेल. खरेदी व्यवस्थापक दिवाळीनंतर निवृत्त होणार होते आणि चौगुले त्यांच्या शेजारच्या खुर्चीत इतकी वर्षं बसले होते, की मोठ्या खुर्चीचं कुठलं चाक कुरकुरतं हे त्यांना न बघता सांगता आलं असतं.

"सर, प्रवेश मिळाला की तुमचं नाव पुढं," यशराज म्हणाला. "संध्याकाळचा कोर्स आहे, फी कंपनी भरेल. फक्त एन्ट्रन्स द्यायची आणि त्यात इंग्रजीला निम्मे मार्क पाहिजेत. तुमच्यासाठी काय, फॉर्मॅलिटी!"

इंग्रजीला निम्मे! चौगुल्यांना ते असं झोंबलं, की त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला. कारखान्याची सगळी इंग्रजी पत्रं वर्षानुवर्षं तेच लिहीत आले होते. 'काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज' या एका वाक्यावर त्यांनी जर्मनीहून मशीन आणवलं होतं. चेन्नईच्या एका बेअरिंगवाल्याला त्यांनी उशिराबद्दल असं काही पत्र लिहिलं होतं, की तो स्वतः कोल्हापूरला आला, माफी मागून गेला, आणि जाताना अंबाबाईचं दर्शनही घेऊन गेला. ज्या इंग्रजीला परराज्यातली माणसं शरण येत होती, तिला आता कुणीतरी शंभरपैकी पन्नासाची पट्टी लावणार होतं.

"मग क्रांतीच्याच क्लासला जावा की," त्यांच्या पत्नी संयोगिता पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "ती बी हीच परीक्षा द्यायलीय."

क्रांती ही त्यांची मुलगी. बी.कॉम. झाली होती आणि पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात एमबीए करायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आईचं वाक्य ऐकून तिच्या हातातला चमचा खाली पडला. पण चौगुले 'चालतंय की' म्हणाले सुद्धा.

"मग माझ्या अटी हायत," क्रांती म्हणाली. "क्लासात मी तुम्हाला ओळखत न्हाय. तुम्ही पुढं बसा, मी मागं बसतो. मला 'बाळ' म्हणायचं न्हाय. डबा खाल्लास का म्हणून विचारायचं न्हाय. आणि पप्पा, हात वर करायचा न्हाय."

(कोल्हापूरच्या मुली 'बसतो'च म्हणतात. त्यातून लेखकाला काहीही सुचवायचं नाही.)

क्लास राजारामपुरीतच, एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. शिकवणारे आदर्श सर पंचवीस वर्षांचे असतील. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक उतारा लावला. उतारा ऑक्टोपसवर होता. ऑक्टोपस कसा एकटा राहतो, एकटा खातो आणि एकटाच मरतो, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली प्रश्न होता, की लेखकाला ऑक्टोपसविषयी काय वाटतं.

पहिल्या बाकावर एक हात वर गेला. शेवटच्या बाकावर एक कपाळ बाकाला टेकलं.

"बोला अंकल," आदर्श सर म्हणाले.

"सर, हा लेखक त्या ऑक्टोपसला भेटलाय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओळख-पाळख काय हाय? का उगं लांबनं बघून लिवलंय?"

"अंकल, आपण मजकुराच्या बाहेर जायचं नाही."

"मग मजकुराच्या आत कुठं लिवलंय दाखवा! मी दोनदा वाचलंय. ऑक्टोपसला काय वाटतंय ते बी न्हाय आणि लेखकाला काय वाटतंय ते बी न्हाय."

"तेच तर ओळखायचं, अंकल. उत्तर 'सहानुभूती' आहे."

"कशावरनं? एकटा ऱ्हातोय म्हणून? आमच्या इमारतीत एक गृहस्थ एकटंच ऱ्हातात. लई सुखात हायत. कुणी सहानुभूती दाखवली तर हाकलून देतील!"

वर्ग खदखदून हसला. चौगुल्यांना वाटलं, वर्ग आपल्या बाजूनं आहे. आठवड्याभरात त्यांचं नाव 'ऑथर काका' पडलं आणि तेही त्यांना बहुमानच वाटला. क्रांतीशी असलेलं त्यांचं नातं मात्र त्यांनी कटाक्षानं गुप्त ठेवलं. ते गुप्त राहिलं पहिल्या शनिवारच्या मधल्या सुट्टीपर्यंत. त्या वेळी क्रांती मैत्रिणींबरोबर रस्त्याच्या पलीकडं उभी होती, आणि मधून दोन रिक्षा व एक सिटी बस जात असूनही चौगुल्यांचा आवाज त्या सगळ्यांवरून तिच्यापर्यंत पोचला.

"क्रांती! डबा खाल्लास का?"

त्यानंतर क्रांती दोन दिवस घरातही त्यांना ओळखत नव्हती.

परीक्षेची बातमी इमारतीत पसरली तसा सल्ला सुरू झाला. खाली गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान असलेले दस्तगीर मुल्लाणी हे चौगुल्यांचे जुने स्नेही. त्यांचा भाचा बेंगलोरला अशीच परीक्षा देऊन साहेब झाला होता.

"भाऊ, येवढं वाचत बसू नका," दस्तगीरभाई तोंडातली टाचणी काढून म्हणाले. "भाच्यानं सांगितलंय. सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतोय. डोळं झाकून लावायचा."

"आणि सगळं सारखंच लांब असलं तर?"

"तर डोळं उघडून लावायचा."

दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या गणपतरावांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि इमारतीत एकटेच सुखानं राहणारे गृहस्थ ते हेच. त्यांचं म्हणणं, इंग्रजी अग्रलेख पहाटे मोठ्यानं वाचावेत, म्हणजे जिभेला वळण लागतं. परीक्षा संगणकावर आहे, तिथं जिभेचा काही संबंध नाही, हे चौगुल्यांनी त्यांना सांगून पाहिलं. पण गणपतराव पहाटे जिन्यात येऊन उभे राहायचे आणि चौगुले वाचत असताना मध्येच वरून ओरडायचे, "चौगुले, त्यातला 'बी' सायलेंट!" तेव्हा खालच्या मजल्यावरचं कुणीतरी ओरडायचं, की तुम्ही दोघंबी सायलेंट व्हा.

अशी तयारी जोरात चालली असताना अर्ज भरायची वेळ आली.

अर्जात पहिलाच रकाना नावाचा होता, आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की नाव सर्व कागदपत्रांवर तंतोतंत सारखं हवं. कृष्णात हे नाव मराठीत एकाच पद्धतीनं लिहितात. इंग्रजीत मात्र चौगुल्यांच्या पदवीवर 'आर'पुढं 'यू' होता, आधारवर 'आय' होता, आणि पॅन कार्डवर शेवटी कुणीतरी आपल्या पदरचा एक 'एच' घातला होता. ज्यांच्या इंग्रजीची परीक्षा व्हायची होती त्यांचं स्वतःचं नावच तीन कार्यालयांना इंग्रजीत सारखं लिहिता आलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्या कार्यालयांपैकी कुणाचाही मार्क कापला गेला नव्हता.

चौगुले सुट्टी टाकून सेतू केंद्रात गेले. तिथल्या माणसानं तिन्ही कागद ओळीनं मांडले.

"ह्यातला खरा कोण?"

"तिन्ही मीच हाय."

"तसं चालत न्हाय, पावणं. एक नाव धरायचं आणि बाकीची दोन सोडल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. वर पेपरात जाहिरात."

"अहो, नाव एकच हाय! स्पेलिंग तीन हायत, आणि त्यातलं एकबी मी केल्यालं न्हाय!"

"मग कुणी केलंय?"

"तुम्हीच की! सरकारनं!"

त्या माणसानं सरकारच्या वतीनं शांतपणे पुढच्या माणसाला बोलावलं.

चौगुल्यांनी प्रतिज्ञापत्र केलं आणि जाहिरात दिली. आता दोष कुणाचा ते सांगणं कठीण आहे, पण जाहिरात मराठी पेपरात दिली असल्यामुळं पेपरवाल्यांनी ती मराठीतच छापली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कोल्हापूर जिल्ह्यानं वाचलं, की 'मी कृष्णात चौगुले असे जाहीर करतो, की यापुढे मी माझे कृष्णात हे नाव सोडून कृष्णात या नावाने ओळखला जाईन. याची सर्वांनी नोंद घ्यावी.'

सर्वांनी नोंद घेतली. पहिले दस्तगीरभाई पेपर घेऊन वर आले.

"भाऊ, वाचलं. मग आता तुम्हाला काय म्हणायचं?"

"कृष्णातच."

"आणि आधी?"

"कृष्णात."

दस्तगीरभाईंनी थोडा विचार केला. "लई चांगलं झालं," ते म्हणाले. "सवय करायला नको."

गणपतरावांना वाटलं, यात ज्योतिषाचा काही भाग असावा, म्हणून ते आपलीही पत्रिका घेऊन खाली आले. गडहिंग्लजहून सासूबाईंचा फोन आला, त्यांनी संयोगिताबाईंना हलक्या आवाजात विचारलं, "जावयांनी संन्यास-बिन्यास घेतला न्हाय न्हवं?" कारखान्यात यशराजनं हात मिळवून अभिनंदन केलं. चौगुल्यांनी फक्त पुन्हा जाहिरात दिली, या वेळी अक्षरं एकेक करून सांगितली, आणि ती बरोबर छापून आली आहे हे कुणीही वाचलं नाही.

परीक्षेचं केंद्र निघालं इचलकरंजीजवळ कबनूरला. बापलेकीचा नंबर एकाच केंद्रावर, एकाच सत्रात लागला. दोघं एकाच गाडीवरून गेले. वाटेत क्रांती मागून फक्त एकदाच बोलली, "पप्पा, मशीनशी भांडू नका."

गेटवर पहारेकऱ्यानं चौगुल्यांच्या छातीवर हात ठेवला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक न्हाय. उमेदवार हाय."

पहारेकऱ्यानं त्यांच्या पिकल्या मिशांकडं बघितलं, मग क्रांतीकडं. "ही पोरगी कोण तुमची?"

"मुलगी."

"मग पालकच की!"

या युक्तिवादातली चूक चौगुल्यांना दिसत होती पण सांगता येत नव्हती. हॉल तिकीट दाखवून ते आत गेले, तर तपासणीचं यंत्र त्यांच्या कमरेशी केकाटलं. पट्टा काढला, तरी केकाटलं. तो चांदीचा करदोडा होता. आईनं घातलेला, लग्नातसुद्धा न काढलेला. तो सोडायला दोन माणसं लागली, आणि सगळे परीक्षार्थी रांगेतून शांतपणे बघत होते. इंग्रजीच्या ज्ञानाशी आपल्या कमरेचा काय संबंध, असं चौगुल्यांनी विचारलं. डाव्या हातानं पँट धरून ते संगणकापुढं जाऊन बसले.

खिडकीबाहेर कुठंतरी यंत्रमाग खडखडत होते. चौगुल्यांना उतारे नेहमीसारखेच छळत होते. एक बर्फावर होता, एक कुठल्यातरी फ्रेंच चित्रकारावर. मग तिसरा उतारा उघडला आणि ते सरळ होऊन बसले.

एका लहान गावातला कारखानदार होता. त्याला स्क्रू पुरवणारा एक म्हातारा होता. दुसरीकडं स्क्रू स्वस्त मिळत होते. हिशेबनीस मालकाला पुन्हा पुन्हा समजावत होते. मालक सगळं ऐकून घेत होता आणि पुढची ऑर्डर पुन्हा म्हाताऱ्यालाच देत होता. याला भावनाप्रधानता म्हणता येईल, असं लेखकानं लिहिलं होतं, आणि लगेच पुढं, 'हिशेबनिसांकडं आणखीही शब्द आहेत.' प्रश्न होता, मालकाविषयी लेखकाचा सूर कोणता? टीकेचा, कौतुकाचा, तटस्थ, की संभ्रमाचा?

चौगुल्यांना डोळ्यांपुढं उचगावचा म्हातारा फौंड्रीवाला दिसला. महापुराच्या साली रस्ते बंद, कारखाना कास्टिंगवाचून बंद पडायची वेळ, आणि हा माणूस गुडघाभर पाण्यातनं ट्रॅक्टर घालून ट्रॉलीभर माल घेऊन दारात उभा राहिला होता. तेव्हापासून चौगुल्यांनी त्याची ऑर्डर कधी तोडली नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीत कुणीतरी त्यांना विचारत आलं होतं, की राजकोटचा माल स्वस्त असताना हे कशासाठी? या तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना एक लेखक कळला. त्यांनी 'कौतुक' दाबलं, आणि तेही डोळे उघडून.

पंधरा दिवसांनी उत्तरतालिका लागली. त्यात म्हटलं होतं, टीका.

चौगुल्यांनी मार्क मोजले. निम्म्याला बरोबर एक कमी होता. पण त्यांना मार्काचं काही वाटलं नाही, निदान ते तसं म्हणत होते.

"एका मार्काचा प्रश्न न्हाय," ते घरभर फिरत म्हणाले. "तत्त्वाचा हाय! ह्या शहाण्यांनी आयुष्यात कधी स्क्रू विकत घेतलाय का? मी आक्षेप घेणार."

आक्षेप घ्यायची सोय होती, फी भरून.

"पप्पा, राहू दे की," क्रांती म्हणाली. "आपण कशाला..."

"का राहू दे? तुला लाज वाटतीय व्हय बापाची? हे बघ, मोज. एकच कमी पडतोय, आणि तो माझा हक्काचा हाय!"

क्रांतीनं त्यांच्या बोटाखालची बेरीज बघितली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "घ्या मग," एवढं म्हणून ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. चौगुल्यांना वाटलं, पोरीला लाजच वाटते. त्याचाही राग त्यांनी आक्षेपात ओतला. तीन पानं झाली. त्यात महापूर आला, ट्रॅक्टर आला, हिशेबनिसांच्या जातीविषयी सर्वसाधारण निरीक्षणं आली, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' आलं.

निकाल लागला त्या दिवशी चौगुले कारखान्यातून धावतच घरी आले. आक्षेप मान्य झाला होता! परीक्षा मंडळानं उत्तर बदललं होतं! चौगुल्यांना बरोबर निम्मे मार्क पडले होते. त्यांनी येतानाच पेढे आणले होते आणि जिन्यातच दस्तगीरभाईंच्या तोंडात एक कोंबला होता.

"सगळं मंडळ नमवलं!" ते दारातून ओरडले. "क्रांती, तोंड उघड!"

क्रांती संगणकापुढं बसली होती. संयोगिताबाई तिच्यामागं उभ्या होत्या, आणि त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. अर्थात चौगुल्यांना ते कळलं नाही.

"काय झालं? तुझा बी निकाल चांगला असणार की!"

"चांगला हाय," क्रांती म्हणाली. "पुण्याच्या यादीत थोडक्यात राहिलो."

"किती थोडक्यात?"

"एका मार्कानं." मग ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "पप्पा, त्या स्क्रूच्या उताऱ्याला मी 'टीका' लिवलेलं."

चौगुल्यांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी परत खोक्यात ठेवला.

"मग तवाच सांगायचं न्हाय?"

"सांगणारच होतो. पण तेवढ्यात तुम्ही बेरीज दाखवलासा. तुम्हाला तोच एक कमी पडत होता की."

चौगुल्यांना आयुष्यात पुष्कळ राग आले होते, पण आलेला राग कुणावर काढायचा हे कळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मंडळ बरोबर होतं. लेखक बरोबर होता. पोरगी तर बरोबर होतीच. ते गॅलरीत गेले, परत आले, पाणी प्यायले. आणि मग त्यांना सापडला. सगळ्या प्रकाराला जबाबदार असा एकच इसम होता, तो म्हणजे आक्षेप घेणारा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पुण्याला परीक्षा मंडळाच्या कार्यालयात जाऊन थडकले. कंपनीचं काम आहे, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. आक्षेपांच्या टेबलावर एक चष्मा लावलेल्या बाई होत्या.

"मॅडम, माझी तक्रार हाय. इंग्रजीच्या पेपरात, स्क्रूच्या उताऱ्याचं उत्तर तुम्ही बदललंय. ते चूक हाय. आधीचंच बरोबर होतं."

"आक्षेप मान्य झाला होता त्यावर. तज्ज्ञांनी तपासलाय."

"तज्ज्ञांना फसवलंय त्यानं! आक्षेप घेणाऱ्याला इंग्रजी येत न्हाय, मॅडम. त्याचं डोकं फिरल्यालं हाय. जन्मभर स्वतःचंच खरं करत आलाय. घरात इचारा, कारखान्यात इचारा."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मीच त्यो!"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग त्यांनी संगणकावर काहीतरी उघडलं.

"चौगुले? महापुराचे चौगुले?" त्यांचा चेहरा एकदम बदलला. "अहो, तुमचा आक्षेप आम्ही सगळ्या ऑफिसनं वाचलाय! तज्ज्ञांनी काय शेरा मारलाय ऐका. 'आक्षेपकाने उतारा आमच्यापेक्षा अधिक बारकाईने वाचला आहे. त्याचा युक्तिवाद निर्विवाद आहे.' असा शेरा मी इथं आल्यापासून बघितला नाही."

आयुष्यभर चौगुले ज्या वाक्याची वाट बघत होते ते वाक्य हे होतं. कुणीतरी, लेखी, शिक्क्यानिशी म्हणत होतं, की कृष्णात चौगुल्यांना इंग्रजी कळतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"ते काढून टाका," ते म्हणाले.

"अहो, मग तुमचा मार्क जाईल."

"जाऊ दे. माझ्या पोरीचा परत येईल."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, अंतिम म्हणजे अंतिम. शिवाय तुमच्या युक्तिवादाचं खंडन कोण करणार? आमच्याकडं तेवढं चांगलं कुणी लिहीत नाही."

"मी करतो की! कागद द्या!"

त्यांनी कागद दिला नाही. चहा दिला.

संध्याकाळी चौगुले घरी आले. पोटात गोष्ट ठेवायची सवय त्यांना कधीच नव्हती, त्यामुळं जिना चढता चढताच त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत मंडळ कसं आडमुठं आहे हे झालं होतं, आणि दारात पोचेपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं, की ते कुठं जाऊन आले.

क्रांती दारातच उभी होती. "पप्पा, कशाला गेलासा? मी तो उतारा परत वाचला. चार वेळा वाचला. 'कौतुक'च बरोबर हाय. माझंच चुकलंय."

"कोण म्हणतंय चुकलंय?" चौगुले भडकले. "टीकाच हाय ती!"

"न्हाय पप्पा. 'हिशेबनिसांकडं आणखीही शब्द आहेत' म्हणतोय बघा, म्हणजे तो हिशेबनिसांनाच टोमणा मारायलाय. त्याला मालक आवडतोय."

"काय आवडायसारखं हाय त्याच्यात? कुणाचं ऐकत न्हाय, कुणाला इचारत न्हाय, आपलंच घोडं पुढं! आणि त्याच्या हट्टापायी घरच्यांनी काय काय सोसायचं?"

"पप्पा, उताऱ्यात घरचं कुणी न्हाय."

"नसू दे!"

आवाज ऐकून खालून दस्तगीरभाई आणि वरून गणपतराव एकाच वेळी दारात आले. "काय भांडण हाय, वहिनी?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"ती म्हणतीय तुमचं बरोबर, आणि हे म्हणायल्यात तुझं बरोबर," संयोगिताबाई म्हणाल्या. "मघापासनं कुणी माघार घेईना."

दोघांनी बराच वेळ ऐकून बघितलं, आणि यात सल्ला द्यायला जागा नाही असं दिसल्यावर आल्या वाटेनं गेले.

"आणि पुण्याचं म्हणाल," क्रांती म्हणाली, "तर मला तिथलंच दुसरं कॉलेज मिळायलंय. आज फोन आलता. चांगलं हाय. मी हो म्हटलंय."

"दुसरं का म्हणून? पहिलं का न्हाय?" चौगुल्यांनी विचारलं. आणि का नाही, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उगीचच मान पुसली, मग डोळे पुसले.

क्रांतीला हसू आवरेना.

"हसतीस काय?" ते ओरडले. "एसटीच्या खिडकीत धूळ लई हाय आजकाल! कुणाकडं तक्रार करायची असतीय त्याची, ते बघ आधी त्या संगणकावर!"